मरियेचं सांडलेलं दूध

दुकानामागच्या खोलीत सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं तेव्हाच सुनेला कळलं, आजही तो कडू काढा प्यावा लागणार. पाला काटेरी होता, आणि हिरव्या पानांवर पांढऱ्या रेघा, कुणी चुन्याचा ब्रश झटकल्यासारख्या. नाव मरियादूध.

सासरे हयातभर चर्चची घंटा वाजवायचे आणि आवारातली झाडं राखायचे. ते गेले, पण झाडांच्या गोष्टी बायकोच्या तोंडी ठेवून गेले. मरियामातेने झुडपावर निळा झगा वाळत घातला म्हणून रोजमेरीला निळी फुलं येतात. दगाबाज यहूदाने ज्या झाडाला गळफास घेतला ते बिचारं अजून शरमेने गुलाबी फुलतं. आणि हेरोद राजाच्या शिपायांपासून बाळाला वाचवायला पळताना मरिया एका झुडपाआड त्याला पाजायला बसली, तेव्हा थेंब पानांवर सांडले, तेच हे मरियादूध. म्हणून बाळंतिणीने याचा काढा प्यायचा, की झालं, दुधाला तोटा नाही. झाडाला पवित्र नाव पडलं की ते आपोआप औषध होतं, आणि मग बाळंतिणीला काय वाटतं हे विचारायची गरज उरत नाही.

सून नाक दाबून काढा पीत होती. दूध वाढलं नाही. वाढला तो काढा.

पोराला बापाने जन्माआधीच ढब्बू म्हणायला सुरुवात केली होती. आता ढब्बूची मांडी चिमटीत धरली तर नुसती कातडी हाती यायची. सकाळी नर्सबाई येऊन वजन करून गेल्या. आठवडाभरात काटा जागचा हलला नव्हता. त्यांनी सांगितलं, अंगावर पाजत राहा, पण जोडीला वरचं दूध द्या, आणि ते आजच सुरू करा. पिशवीतून पावडरचा डबा आणि बाटलीही काढून दिली. त्या वळल्या तशी सासूबाईंनी डबा फडताळावर अगदी वर सरकवला. डब्याची चटक लागली की पोर आईला विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

नवरा पुढे दुकानात किल्ल्या कापत होता. मशीन किंचाळायला लागलं की त्याला काही ऐकू येत नाही, आणि घरात वाद पेटला की त्याला नेमक्या ढीगभर किल्ल्या कापायच्या असतात. जगातल्या निम्म्या नवऱ्यांनी असलं एखादं मशीन पाळलेलं असतं.

दुपारी ढब्बू रडायचा थांबला. दोन्ही बाजूंना पाजून झालं होतं, तरी तो ओठ हलवत होता, आणि ओरडायची ताकद संपल्यासारखा टक लावून बघत होता. सुनेने त्याला खाटेवर ठेवलं, स्टूल ओढलं, वर चढून डबा काढला. खाली उतरली तर समोर सासूबाई, हातात काढ्याची वाटी. आधी हे घे, म्हणाल्या. मरियेने रानावनात पाजलं, तिला कुठे डबा लागला होता?

सुनेने डबा काखेत धरला.

"आई, ते दूध पानांवर सांडलं ना?"

"सांडलं की. म्हणून तर रेघा आहेत."

"म्हणजे बाळाच्या तोंडात गेलं नाही."

सासूबाईंचा हात वाटीसकट तिथेच थांबला. "अगं, तिला भरपूर होतं. जास्तीचं ते सांडलं."

"मागे शिपाई, पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही, आणि दूध भरपूर? तुम्ही दोन पोरं पाजलीत आई. खरं सांगा, असं होतं का हो कधी?"

सासूबाईंनी खाटेकडे पाहिलं. जवळ जाऊन ढब्बूचं दुपटं बाजूला केलं, मांडीवरून बोट फिरवलं आणि दुपटं परत नीट केलं. मग वाटीतला आणि पातेल्यातला सगळा काढा मोरीत ओतला, पातेलं खसाखसा घासलं आणि त्यात स्वच्छ पाणी उकळायला ठेवलं.

"डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाच," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि बाटली दे इकडे, तीपण उकळायला हवी."

ढब्बूने बाटली अशी ओढली की सुनेला हसू आणि रडू बरोबरच आलं.

पुढच्या आठवड्यात शेजारची शिंपीण किल्ली करायला आली आणि गल्ल्याशेजारचा डबा बघून तिने भुवया उंचावल्या. सून किल्ल्यांच्या मशीनवर होती. सासूबाई मांडीवर ढब्बूला पाजत होत्या. त्यांनी शिंपिणीला बसवलं आणि मशीनच्या वर आवाज चढवून ऐकवलं, की मरियेचं दूध आटलं होतं. दगदगीने आटतंच, त्यात तिचा काय दोष? तेव्हा तिचा नवरा योसेफ धनगराच्या वाड्यावर धावला, शेळीचं दूध घेऊन पळत आला, आणि येताना हिंदकळून जे पानांवर पडलं, तेच हे मरियादूध.

सुनेच्या डोक्याची शीर उडायला लागली. पोर उपाशी आहे, हे ती किती दिवस कानीकपाळी ओरडत होती. नर्सबाईही सांगून गेल्या होत्या. पण बाईच्या बोलण्याला साक्षीदार लागतो, आणि तो शेळी असला तरी चालतो. तोंडाशी आलेलं सगळं बोलून टाकावं म्हणून तिने मशीन बंद केलं. तेवढ्यात ढब्बूने बाटली संपवली आणि आजीच्या पदरावर झोकात ढेकर दिली.

"शेळीच होती ना आई?" सून म्हणाली. "का मेंढी?"

"शेळीच," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "मेंढीचं त्याला पचलं नसतं."