महाराजांचा तळहात आणि दीड फेरा

गाडी बिघडली तर ती मेकॅनिककडे न्यावी, एवढी साधी गोष्ट आमच्या गल्लीत तीन महिन्यांत कुणाला आठवेनाशी झाली होती. दर रविवारी सकाळी जुन्या मोटरसायकलींची रांग पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेपासून थेट पोस्टाच्या वळणापर्यंत जायची. खोकणाऱ्या, आचके देणाऱ्या, भर चौकात बंद पडून मालकाची शोभा करणाऱ्या गाड्या. रांगेच्या टोकाला खुर्चीत श्वासमहाराज.

महाराज हत्याराला शिवत नसत. गाडी सुरू करायला लावत. ती खोकू लागली की डोळे मिटून पुटपुटत, "प्राण घे, लेकरा, प्राण घे," आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरत. खोकला थांबे! इंजिन एका लयीत धडधडू लागे. लोक हात जोडत. मग चेला एक पिवळं फडकं हवेच्या फिल्टरच्या तोंडात कोंबी. ते म्हणे प्राणवस्त्र. पंधरा दिवसांनी गाडी काळा धूर ओकून बंद पडली, की महाराज हसून म्हणत, "वस्त्र चोख आहे. मनात शंका आली असेल." कुणाच्या मनात, मालकाच्या की इंजिनाच्या, हे विचारायची कुणाची बिशाद नव्हती.

मी हे सगळं करमणूक म्हणून बघितलं असतं. पण गल्लीतलं एकुलतं एक गॅरेज माझ्या दादाचं. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर लावण्यात, म्हणजे त्यातलं हवा-पेट्रोलचं माप जुळवण्यात, तीस वर्षं त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गेल्या वर्षापासून मात्र त्याने लावलेली गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन खोकायची. निवृत्त पोस्टमास्तरांची गाडी त्याने सात वेळा खोलली आणि सातही वेळा ती रुसली. महाराजांनी निदान केलं, "त्या कारागिराचा हात बांधला गेलाय."

लोकांनी ते खरं मानलं याचं मला काही वाटलं नाही. दादाने खरं मानलं, याचं वाटलं. शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा तो हत्यारं पुसून पेटीत भरत होता.

"उद्या महाराजांपुढे स्क्रूड्रायव्हर ठेवतो. परत कार्बोरेटरला हात लावणार नाही अशी शपथ घेतली की हात सुटेल म्हणतात."

"आणि त्या सुटलेल्या हाताने करणार काय?"

"पाण्याच्या टाकीवर वॉचमन हवाय."

वहिनी दारातून म्हणाली, "वन्सं, तुम्हीच समजवा. दोन दिवस धड जेवले नाहीत. झोपेत माझा कान पिळतात, स्क्रू समजून."

मी शाळेत विज्ञान शिकवते. दादा मला चिडवायला मास्तरीणबाई म्हणतो, आणि राग आला की मी खरोखरच मास्तरीण होते. "पोस्टमास्तरांची गाडी खोल," मी म्हटलं. "आठव्यांदा. हवेचा स्क्रू किती फिरवतोस?"

"पूर्ण आवळायचा, मग दीड फेरा सोडायचा. उस्तादांची शिकवण आहे."

"दर वेळी दीडच?"

"तीस वर्षं. दीड म्हणजे दीड."

"आणि प्लग बघतोस?"

तो पेटीत प्लगचा पाना शोधू लागला. इतका पक्का आकडा हाताशी असताना प्लग कोण बघतो? आम्ही प्लग काढला. पांढराफटक होता. दादाच पुटपुटला, "हवा जास्त होतेय, पेट्रोल कमी पडतंय. पण का?"

मी शाळेची काचेची मोजनळी आणली. अंगणात बसून तिच्यात थोडं पाणी घातलं, पातळीवर रेघ मारली, वर पेट्रोल ओतलं, हलवून ठेवून दिलं. थोड्या वेळाने तळातलं पाणी रेघेच्या वर चढलेलं.

"अगं बाई! पाणी वाढलं!" वहिनीने हातच जोडले.

"वहिनी, हात खाली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळतात. ते पाण्यात उतरलं. असलं पेट्रोल जळायला हवा कमी लागते, आणि जुनी गाडी पूर्वीइतकीच हवा ओढते. दादा, तुझा दीड फेरा उस्तादांच्या काळातल्या पेट्रोलचा आहे."

दादाने भरलेली पेटी उपडी केली. तिच्यातून त्याने एक नंबर मोठं, जास्त पेट्रोल सोडणारं जेट शोधलं, बसवलं, स्क्रू थोडा थोडा फिरवत, प्लग बघत, पाऊण फेऱ्यावर आणला. गाडी खोकली नाही. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

रविवारी आम्ही तीच गाडी घेऊन गेलो, सोबत पोस्टमास्तर. गर्दीने वाट दिली. महाराज प्रसन्न झाले. "ये लेकरा, ठेव ते हत्यार."

"आधी गाडीला आशीर्वाद द्या," मी म्हटलं.

दादाने किक मारली. इंजिन छान चालत होतं, पण महाराजांना ऐकायची सवय नव्हती. त्यांनी डोळे मिटून तळहात धरला. इंजिन गुदमरलं आणि बंद. पुन्हा किक, पुन्हा तळहात, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा महाराजांना घाम फुटला. "या गाडीत पाप आहे!"

"माझ्या गाडीत?" पोस्टमास्तर कडाडले. "चाळीस वर्षांत कुणाचं पोस्टकार्डसुद्धा वाचलं नाही मी!"

मी चप्पल काढली. महाराज दोन पावलं मागे सरले. पण मी गेले रांगेतल्या पुढच्या खोकणाऱ्या गाडीकडे. कार्बोरेटरच्या तोंडावर चप्पल अर्धी धरली. खोकला थांबला.

"हिलाही खुर्ची द्या," मी म्हटलं. "तोंड झाकलं की हवा कमी होते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. यालाच चोक म्हणतात. ज्या गाडीला मुळात हवा जास्त होतेय ती याने सुधारते, आणि नीट लावलेली गुदमरते. ते फडकं म्हणजे कायमचा चोक, म्हणून काजळी धरून गाडी बंद पडते. महाराज श्वास देत नव्हते हो, कोंडत होते!"

हशा पिकला. चेल्याने तेवढ्यात खुर्चीची घडी घातली होती.

पण लोक ते लोकच. कुणीतरी ओरडलं, "दादाचा हात सुटला! दादा, माझ्या गाडीला नुसता हात लावा!" बघता बघता दोघेजण दादाचा हात कपाळाला लावायला धावले. दादाने तो झटकन मागे घेतला.

"हाताला काही नाही रे," तो म्हणाला. "उस्ताद खरे होते, पेट्रोल बदललं. मी मात्र बघायचं सोडून दीड फेऱ्याचा जप करत बसलो. आता तुम्ही पाऊण फेऱ्याचा करू नका. उद्या तोही चुकेल. आधी प्लग काढा, रंग बघा, मगच स्क्रू फिरवा."

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे जुनी मोटरसायकल नसेलही. तरी कुणी डोळे मिटून चमत्कार दाखवू लागला, तर आपले उघडे ठेवा. आणि घरी आलात की आपलाही एखादा दीड फेरा तपासून बघा.