माथ्याच्या अलीकडचं पातं

मी एक जुनी पवनचक्की आहे, मित्रांनो. हॉलंडच्या उत्तरेला, कालव्याच्या काठी उभी आहे. एकशे सत्तर वर्षं दळण केलं. आता नुसती उभी असते.

आमच्याकडे एक रीत आहे. चक्की थांबवताना वरचं पातं माथ्याच्या किंचित अलीकडे ठेवलं, तर घरात आनंद. माथा ओलांडून थांबवलं, तर घरात मयत. अख्खा गाव मान वर करून वाचतो.

युद्धात जर्मन आले. माझा मालक हिल्बर्ट दिवसा त्यांचं धान्य दळायचा आणि गुपचूप गावाचंही. खोटं कशाला बोलू? त्यांच्या भाकरीचं पीठ मीच दिलं. वारा सुटला की मी फिरते, पोतं कुणाचं ते विचारत नाही. हिल्बर्टचा धाकटा भाऊ रूल्फ मात्र त्यांचा काळा गणवेश चढवून त्यांच्याबरोबर हिंडू लागला. त्या दिवसापासून त्यांची आई आल्त्ये त्याचं नाव घेईनाशी झाली.

कालव्यापलीकडच्या गोठ्यात याकोब शिंपी, त्याची बायको आणि तान्ही पोर लपली होती. ज्यू होती ती. सापडली असती तर संपलीच. ठरलं होतं, पातं माथ्यापलीकडे दिसलं की त्यांनी लव्हाळ्यात पळायचं.

एका सकाळी हिल्बर्टला माझ्या सज्ज्यातून लष्करी गाडी दिसली. त्याने माझं पातं माथ्यापलीकडे थांबवलं. गाडी नेमकी माझ्याच दारात थांबली. अधिकाऱ्यासोबत रूल्फ उतरला. त्याने सवयीने वर पाहिलं. लहानपण माझ्याच पायथ्याशी गेलं होतं ना त्याचं!

"कोण गेलं रे?" त्याने विचारलं.

आल्त्ये उंबऱ्यात बटाटे सोलत होती. तिने सुरीही थांबवली नाही.

"माझा धाकटा गेला," ती म्हणाली.

"काय म्हणते म्हातारी?" अधिकाऱ्याने विचारलं.

रूल्फने एकदा कालव्यापलीकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, हे मला वरूनही दिसलं.

"यांचा मुलगा वारला, साहेब. सुतक आहे."

अधिकाऱ्याने टोपी काढली आणि दोन शब्द सांत्वनाचे बोलला. तेवढ्या वेळात गोठा रिकामा झाला. शिंप्याची तिघंही वाचली. म्हणून रूल्फ चांगला ठरत नाही. लपलेल्यांची इतर घरं जर्मनांना त्यानेच दाखवली होती. मी फक्त घडलं ते सांगते.

युद्ध संपलं. रूल्फला तीन वर्षं कोठडी झाली. तो सुटायच्या दोन दिवस आधी आल्त्ये गेली. जाताना हिल्बर्टला म्हणाली, "तो आला की पातं अलीकडे ठेव."

रूल्फ आला तेव्हा पातं पलीकडेच होतं.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"आई."

रूल्फ तिथेच मातीत बसला. हिल्बर्ट बराच वेळ दोरखंड धरून उभा राहिला. मग त्याने मला सोडलं, फिरू दिलं आणि माथ्याच्या अलीकडे थांबवलं.

"तिने सांगितलं म्हणून," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही."

मित्रांनो, आता सुट्टीत माणसं येतात, मला रंग देतात, छान म्हणतात आणि जाताना पातं कुठेही सोडून देतात. रंग नसला तरी चालेल. पातं तेवढं बघून थांबवत जा. खाली उभं राहून कुणीतरी ते वाचत असतं.