पहिली दहा मिनिटं

रशियातल्या टोम्स्क शहरातल्या एका प्रयोगशाळेत एक जुना रिवाज होता. औषध तपासताना, झटका आणण्यासाठी उंदराच्या हृदयाची रक्तवाहिनी दोऱ्याने बांधल्यावर तो पहिल्या दहा मिनिटांत मेला, तर हिशेबात धरायचा नाही. दोष औषधाचा नाही, सुरी चालवणाऱ्याचा. आणि सुरी गेली अकरा वर्षं रुफिना ल्वोव्नाच्या हातात होती.

यंदा विभागप्रमुख ग्लेब तारासोविच यांचं लाडकं औषध तपासायचं होतं. ते हृदयातला एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची संदेश टिपणारी जागा, अडवतं, त्यामुळे ठोके जीवघेणे बेताल होत नाहीत, असा त्यांचा दावा. वीस उंदरांना ते दिलं. सहा जण दहा मिनिटांच्या आतच गेले. हृदय नुसतं फडफडलं आणि थांबलं. उरलेले चौदा ठणठणीत. प्रमुखांनी सहा जणांपुढे 'हात चुकला' असं लिहिलं आणि चौदांच्या जोरावर अहवाल सजवला. येत्या शरदात ते औषध माणसांना टोचायचं होतं.

खरं सांगायचं तर रुफिनाला आधी राग आला तो स्वतःच्या हातासाठी. ज्यांना औषध टोचायचं ती माणसं मागाहून आठवली, आणि मग मात्र रुफिना कुणाला आवरेना. तुलनेसाठी औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी दिलेल्या वीस उंदरांवरही हाच हात चालला होता, त्यातला एकच कसा गेला, असं तिने विचारलं. प्रमुखांनी तिला वयाची आठवण करून दिली आणि चहा पाजला. खापर फोडायला डोकं आयतं मिळालं होतं.

वैज्ञानिक मंडळाच्या बैठकीत ती पिंजरे घेऊनच शिरली. आठ उंदीर, आठ बाटल्या. चारांत औषध, चारांत मिठाचं पाणी. कशात काय ते फक्त चिटणिसांना ठाऊक, यादी त्यांच्या खिशात. सगळ्यांदेखत तिने प्रत्येक उंदराला एकेका बाटलीतलं टोचलं आणि वाहिनी बांधली. दहा मिनिटांच्या आत तीन उंदीर मेले. यादी उघडली, तर तिघेही औषधाचे.

"पुन्हा हात चुकला, रुफिना ल्वोव्ना. होतं असं," ग्लेब तारासोविच मायेने म्हणाले.

"चुकला असेल की," ती हातमोजे काढत म्हणाली. "मग अहवालात असं लिहा, बाटलीत काय आहे ते रुफिनाला ठाऊक नव्हतं, पण तिच्या हाताला बरोबर ठाऊक होतं. आणि खाली सही करा."

अध्यक्षांनी अहवाल प्रमुखांपुढे सरकवला. त्यांनी पेन उचललं नाही. तेव्हा रुफिनाने कागद आपल्याकडे ओढला, सहाही ठिकाणचं 'हात चुकला' खोडलं, त्या जागी 'औषधाने मेला' असं लिहिलं आणि प्रत्येकापुढे स्वतःचं पूर्ण नाव घातलं.