मांजराची पिशवी

बालवाडीच्या व्हरांड्यात दोरी बांधलेली, आणि दोरीवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या वाळत. प्रत्येकीवर पक्क्या शाईचं चित्र. कुणाचं विमान, कुणाचा मासा, चिंगीचं मांजर. ही बाईंचीच युक्ती. स्वतःची खूण असली की लेकरं पिशवी जीव लावून धुतात. वाळल्या की निळ्या डब्यात टाकायच्या, वर बाईंनी जुळवलेलं गाणं:

ओलं ओल्यात, सुकं सुक्यात,
पिशवी निघाली नव्या मुलखात.

डबा न्यायला कचरागाडी घेऊन यायचा बाईंचा थोरला भाऊ. म्हणून तो सगळ्यांचा गाडीमामा.

"मामा, माझ्या मांजराचं काय होणार?"

"बादली."

"नको, खुर्ची!"

"बरं बाई, खुर्ची. वर मांजरच बसेल ऐटीत."

एकदा बाई म्हणाल्या, "दादा, पोरांना कचरा डेपोवर आणते. पिशव्या निवडायची शेड दाखवते."

"नको गं. वास मारतो तिथं."

"वासाला घाबरायला ही काय राजाची लेकरं आहेत?"

दादा गाडीत चढला.

बावीस मुलं एकमेकांच्या सदऱ्याचं टोक धरून गेली. शेडच्या दाराला गंजलेलं कुलूप होतं, उंबऱ्यात गुडघाभर गवत. पलीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणामागे कचऱ्याचा डोंगर. दादाची गाडी तिथंच रिकामी होत होती. निळ्या डब्यातलं, हिरव्या डब्यातलं, सगळं एकाच घळीत कोसळलं.

"ए, माझं विमान!" एक जण आनंदानं ओरडला. मग मासा सापडला, छत्री सापडली. मग एकीला मागच्या उन्हाळ्यातलं, विटलेलं फूल दिसलं. हळूहळू सगळीच गप्प झाली.

दादा खाली उतरला. मान वर करेना.

"वर्ष झालं शेड बंद होऊन. तुला सांगायला जीभच रेटेना, बयो. पोरं इतकी हौसेनं गायची..."

"वर्षभर, दादा?"

बावीस चेहरे बाईंकडे वळले. चिंगीनं तेवढ्यात तारेतून हात घालून आपलं मांजर ओढून घेतलं आणि पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी बाई ठरवून आल्या. दोरी सोडायची, आणि खरं काय ते सांगायचं. पण नळावर चिंगी आधीच बसली होती, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

"बाई, शेपटीपाशी साय राहिली होती. म्हणून घेतलं नाही त्यांनी. आता बघा!"

"तुझं काही चुकलं नाही गं, राणी."

"मग कुणाचं चुकलं?"

बाईंनी फाटकाकडे पाहिलं. गाडीचा भोंगा वाजत होता.

चिंगीनं पुन्हा साबण उचलला. तिच्यामागे बाकीची मुलं आपापल्या पिशव्या घेऊन रांगेत उभी राहिली. बाईंनी कपड्यांचा चिमटा उचलला, आणि ओलं मांजर दोरीवर लावलं.