रामकिसनची ओळ

“हेच बटन का, साहेब? म्या कधी हात न्हाई लावला,” असं म्हणत नंदाबाईंनी कॉम्प्युटरवरचं धुतलेलं उपरणं उचललं.

मुकुंदने बटन दाबलं. आतला पंखा घरघरला. तीर्थपुरीत लाईट चारला जायची, म्हणजे हातात दोन तास होते.

नंदाबाईंचा मुलगा रामकिसन जाऊन पंचवीस दिवस झाले होते. एमआयडीसीच्या रस्त्यावर टेम्पोने मोटरसायकल उडवली. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात तो आणि मुकुंद शेजारी-शेजारी बसायचे. मुकुंदला इंग्रजी यायचं, रामकिसनकडे चिकाटी होती. ऑफिस सुटलं की दोघं घरी आपापल्या मशीनवर लिनक्सच्या, म्हणजे जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेल्या कॉम्प्युटर-प्रणालीच्या, कर्नलच्या चाचण्या चालवायचे. कर्नल म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा. काही चुकलेलं सापडलं तर मुकुंद परदेशी मेल लिहायचा. निव्वळ हौस, घरचं खाऊन केलेली.

उन्हाळ्यात रामकिसनला एक चूक सापडली. चाचण्यांच्या आधी एक छोटी लायब्ररी, म्हणजे सगळ्या चाचण्यांना लागणाऱ्या कोडचा गठ्ठा, बांधून तयार लागते. कशाच्या आधी काय बांधायचं, ते मेकफाईल नावाच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. लायब्ररी आधी बांधा, ही ओळच तिथे नव्हती.

“सर, माझ्याकडं अडकून राह्यलंय. लायब्ररी बांधायचं ध्यानातच न्हाई त्याच्या.”

“माझ्याकडे व्यवस्थित चालतंय. तुझं मशीनच भंगार आहे,” मुकुंद म्हणाला होता. दोन महिने हेच म्हणत राहिला.

रामकिसनची डिस्क एवढीशी. जागा पुरायची नाही म्हणून तो दर वेळी सगळं पुसायचा आणि पहिल्यापासून बांधायचा. मुकुंदच्या ऐसपैस डिस्कवर मात्र ती लायब्ररी केव्हाची बांधलेली पडून होती. नव्या चाचण्यांना ती आयती मिळायची, मग चूक दिसणार कशी? तेराव्यानंतर काही सुचेना म्हणून मुकुंदने डिस्क साफ केली आणि सगळं नव्याने बांधायला घेतलं. पहिल्याच मिनिटाला त्याच्याकडेही तिथेच अडलं. तो पडद्याकडे बघत बसला. रडू आलं नाही. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं काहीतरी आत झालं होतं.

त्याने ती ओळ घालून पाठवून दिली. खाली रीतीप्रमाणे लिहिलं, चूक दाखवणारा रामकिसन. तिकडून उत्तर आलं की ओळ योग्य दिसते, पण ज्यांच्याकडे अडत होतं त्यांच्याकडे आता चालतंय का? ते कळल्याशिवाय घेता येणार नाही. ओळ घेतली गेली तरच तिच्याबरोबर रामकिसनचं नावही कायमचं नोंदलं जाणार होतं. मशीन तर गावी आईकडे गेलेलं. रविवारी तो एसटीत बसला.

आता त्याने पेन ड्राईव्हवरून नवी फाईल चढवली. रामकिसन करायचा तसं आधी जुनं सगळं पुसलं, मग बांधणी सुरू केली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. नंदाबाई उंबऱ्याशी टेकल्या.

“हे त्याचंच काम हाय का?”

“हो. चूक त्यानेच काढली होती.”

“मला सांगायचा. म्हणायचा, माय, बाकी कोणी ध्यान देत न्हाई, पण मुकुंदसर माझं समदं ऐकून घेतात.”

मुकुंद पडद्यावरच्या ओळी वाचत राहिला. लायब्ररी आधी बांधली गेली, मग एकेक चाचणी. सगळ्या पास झाल्या. चारला पाच कमी असताना त्याने मशीन बंद केलं.

“झालं?”

“झालं, मावशी.”

नंदाबाईंनी उपरणं पुन्हा पांघरलं, कोपरे नीट खोचले.

त्याने कळवलं, रामकिसन यांच्या मशीनवर चालतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ओळ घेतली होती, खाली नाव होतं. रामकिसन यांना आमचे आभार सांगा, असंही होतं.

दुपारच्या सुट्टीत मुकुंदने स्टेशनजवळच्या पोस्टातून एक कार्ड घेतलं आणि तिथल्याच लाकडी फळीवर लिहिलं: “मावशी, रामकिसनचं नाव लागलं. तो सांगत होता तेच खरं होतं. दोन महिने सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही.”

नंदाबाईंना वाचता येत नव्हतं. कार्ड आळीतलं कुणीतरी ओट्यावर बसून चारचौघांत वाचून दाखवणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने अक्षर मोठं आणि सुटं काढलं.