सव्वातीन किलोची फळी

मी चिरायची फळी. चिंचेच्या लाकडाची, हातभर लांब, वीतभर रुंद, दीड इंच जाड. आवाज जरा बसका आहे, पण बोलायला लागले की आवरत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

या घरातली मुलगी दोन वर्षं परदेशी शिकून गेल्या आठवड्यात परतली. तिथल्या वसतिगृहात तिला म्हणे रोज माझी आठवण यायची. दार उघडलं की माझी खटखट ऐकू येईल, आई ओट्याशी पाठमोरी उभी असेल, असं चित्र तिने मनात रंगवलं होतं. दार उघडलं. आई पाठमोरी उभीही होती. पण ओट्यावर पोपटी रंगाची प्लास्टिकची फळी होती, अंगभर चरे पडलेली. आणि मी? मी मागच्या गॅलरीत धुण्याच्या पावडरच्या बादलीवर झाकण होऊन बसले होते. डोक्यावर कपड्यांचे चिमटे.

मुलीचा चेहरा असा पडला, की सामान उचलायला आलेल्या बाबांना वाटलं, पासपोर्टच हरवला.

मी काही जन्मतः झाकण नव्हते. मला घडवणारा सुतार खाटकांसाठी ठोकळे करायचा. त्याच खोडातून मी निघाले, म्हणजे ठोकळे माझे थोरले भाऊ. त्यांच्या नशिबी सत्तूर, माझ्या नशिबी काकडी. तक्रार नाही.

आई मला न्यायला आली तेव्हा ही मुलगी तिच्या कडेवर होती. सुताराने पॉलिशचा डबा उघडला.

"एक हात मारून देतो, वहिनी. चकाचक दिसेल."

"मला काही ती दिवाणखान्यात मांडायची नाही. सुरीने खरवडून तुमचं पॉलिश भाजीत उतरलं तर? आणि तुकडे चिकटवलेलीही नको. अख्खी एकच द्या. हे कार्टं दिसेल ते चाटतं."

कार्ट्याने तोवर मला चाटून घेतलंही होतं.

सुतार हसला. त्याने मला खोबरेल आणि मधमाश्यांचं मेण चोळलं आणि बजावलं, "वापरून झाली की ओल्या फडक्याने पुसा, उभी वाळवा. पाण्यात मात्र भिजत घालू नका, तडकेल." आईने ते वीस वर्षं पाळलं. इतकं पथ्य तिने स्वतःच्या तब्येतीचंही पाळलं नाही.

त्या वीस वर्षांत मी माणसं ओळखायला शिकले. बाबा वर्षातून दोनदा कांदा चिरत आणि वर्षभर ते सांगत. आईचा राग सुरीतून कळायचा. सासरचा फोन येऊन गेला, की कोबी इतका बारीक व्हायचा की विचारू नका.

मग मुलगी शिकायला गेली आणि त्याच वर्षी आईचं मनगट गेलं. आधी नुसतं दुखायचं. मग एकदा चिरलेला कांदा कढईत लोटायला तिने मला उचललं आणि मी तिच्या हातातून निसटले. ओट्यावरचा तिचा लाडका कप फुटला. कढई थोडक्यात वाचली.

बाबा म्हणाले, "लेकीला सांगू या का?"

"कशाला? परीक्षा तोंडावर आलीय तिची. ती तिथून येऊन माझा कांदा चिरणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी पोपटी बाई घरात आली. वजनाने पापडासारखी. मला राग आला नाही असं म्हणणार नाही, पण मला कारण माहीत होतं. ते मुलीला माहीत नव्हतं, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू झाला.

पहिल्याच जेवणात मुलीने भाषण दिलं. सुरीने प्लास्टिकचा चुरा निघतो, तो भाजीत जातो, भाजीतून आपल्यात. चरांमध्ये घाण साठते ती वेगळी.

बाबा म्हणाले, "दोन वर्षं शिकून एवढंच कळलं, की आमच्या घरचं जेवण विषारी आहे?"

"विषारी नाही म्हटलं मी. पण टाळता येतं ते का टाळू नये? आई, फळीला पॉलिश नको, रंग नको, गोंद नको. एकसंध लाकूड हवं."

आई म्हणाली, "हो का? नवीनच ऐकतेय."

मी गॅलरीत होते म्हणून. नाहीतर आईकडे बघून मला हसूच फुटलं असतं.

मुलगी दुकानात गेली. तिथे तिने एकेक फळी नाकाशी धरली. एकीला वॉर्निशचा वास, दुसरी पट्ट्या चिकटवून केलेली, तिसरी तर लाकडाचं चित्र छापलेली. दुकानदाराने तिला सर्दीचं औषध कुठे मिळतं ते सांगितलं. ती रिकाम्या हाताने परतली आणि धुणं काढायला गॅलरीत आली, तेव्हा कुठे मी तिच्या नजरेला पडले.

तिने मला मीठ-लिंबाने घासलं. मग टबात गरम पाणी काढून मला त्यात बुडवणार, तोच आतून आई ओरडली, "भिजवू नकोस गं तिला."

"दोन वर्षं झाकण करून ठेवलंस, आणि आता एवढी माया?"

आतून भांडी जरा जोरात वाजली. आईची भांडी अशी वाजली की मला धडकी भरते.

संध्याकाळी मी पुन्हा ओट्यावर आले. पोपटी बाई कचऱ्याच्या डब्याशेजारी. मुलगी कौतुकाने दारात उभी राहून खटखट ऐकत होती. खटखट झाली खरी, पण नंतर आई कांदा मुठीमुठीने कढईत नेऊ लागली. अर्धा शेगडीवर सांडला.

"आई, अख्खी फळीच उचल ना. पूर्वी कशी एका हाताने उचलायचीस."

आईने शेगडी पुसायला घेतली. "अशीच सवय झालीय आता."

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "तिला ती उचलत नाही. मनगट गेलंय. तुझी परीक्षा होती म्हणून बोलली नाही."

"तुम्हाला कुणी विचारलं?" आई म्हणाली.

मुलगी दारातून आत आली. मग तिने पीठ मोजायचा काटा काढला आणि मला त्यावर ठेवलं. सव्वातीन किलो. तिने मला एका हाताने उचलून कढईवर तिरकं धरलं, आई धरायची तसं. दहा मोजेपर्यंत तिला दुसरा हात लावावा लागला. त्या रात्री जेवताना भाषण झालं नाही.

सकाळी मी डोळे उघडले तेव्हा, म्हणजे फळीला असतात तितपत उघडले तेव्हा, मुलगी पेन्सिल घेऊन माझ्यावर वाकली होती. "आई, हात ठेव गं इथे. पंजा पसर." आईने चहाचा कप बाजूला ठेवून पंजा पसरला. मुलीने त्याच्या कडेला खूण केली, अर्ध्या फळीत तो मावतो हे पाहिलं आणि माझ्या बरोबर मध्यातून आडवी रेघ ओढली.

"सुतारकाकांकडे नेतेय. अर्ध्यात कापून आणते. एक तुझी."

"अगं, चांगली अख्खी फळी. आणि दुसरी कुणाची?"

"माझी. आजपासून सकाळची भाजी मी चिरणार. तू शिकव."

आईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बोटं सांभाळ म्हणजे झालं. ती चिंचेची नाहीत."

तर आता मी पिशवीत आहे आणि निघालेय. करवतीची भीती नाही. वीस वर्षं सुरी खाल्लेल्या जिवाला तिचं काय? एकच मागणं आहे. फळी घ्यायला जाल तेव्हा तिचा वास घ्या, तिच्यावर पॉलिश आहे का, गोंद आहे का, सगळं बघा. आणि मग जी माणसं ती रोज उचलणार, त्यांच्या हातात देऊन जरा थांबा. चेहऱ्याकडे नको, ती हसतील. मनगटाकडे बघा.