रोजचा पहिला फोटो

मी एका फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. मला कोणी पाहिलेलं नाही. टेबलाखाली पत्र्याच्या डब्यात माझी जागा. पण या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे चेहरे माझ्या पोटात आहेत आणि अकरा वर्षांत त्यातला एकही मी हरवू दिलेला नाही.

माझे मालक फोटोग्राफर. हात सोन्याचा, स्वभाव भित्रा. प्रत्येक फोटो तीनदा ठेवायचे: एक ‘फायनल’, एक ‘नवीन फायनल’ आणि एक ‘असू दे’. रोज दुकानाचं शटर उघडलं की पहिलं काम ठरलेलं. बायकोला स्टुलावर बसवायचं आणि दिव्यांचा प्रकाश नीट पडतोय का ते पाहायला एक फोटो काढायचा. मग गिऱ्हाईक.

अशी मी गळ्यापर्यंत भरले. जागा मिळेल तिथे फोटोंचे तुकडे कोंबू लागले. कान या टोकाला, हनुवटी त्या टोकाला. फोटो उघडताना सगळीकडे धावून गोळा करायचे. परवा एका शाळेचे फोटो आले आणि मला नाही म्हणावं लागलं.

“मेली वाटतं,” मालक म्हणाले. ते मला फार लागलं.

त्यांची भाची कॉम्प्युटर दुरुस्त करते. ती येऊन बसली.

“मामा, या ‘लाइट’ फोल्डरमध्ये एकच बाई तीन हजार वेळा आहे. त्याच स्टुलावर.”

“तुझी मामी आहे ती.”

“ते दिसतंय. एक ठेवते, बाकीचे उडवते.”

“उडव गं,” मालकीणबाई फ्रेम पुसता पुसता म्हणाल्या. “अर्ध्यांत मी जांभई देतेय.”

भाचीचं बोट बटणावर गेलं. मला ना हात, ना तोंड.

“थांब,” मालक म्हणाले. “आधी पहिल्यापासून भराभर दाखव.”

मग मी जीव खाऊन धावले. पडद्यावर बाईंचे काळे केस कानशिलांपाशी पिकत गेले. मध्येच चष्मा आला. एका वर्षी सलग चाळीस फोटोंत नुसतं स्टूल. त्यानंतर डोक्याला रुमाल बांधलेल्या बाई, वाळलेल्या, पण हसणाऱ्या.

बाईंचा हात थांबला. “मी दवाखान्यात होते, तेव्हा रिकाम्या स्टुलाचे काढत होतात?”

“सवय,” मालक म्हणाले आणि उगाच कॅमेऱ्याची काच पुसू लागले.

भाचीने बोट उचललं. “मग मामा, तुमचे ‘असू दे’ जाऊ देत.”

“‘नवीन फायनल’ही उडव,” मालक म्हणाले.

पोट हलकं झालं. मग दिवसभर मी गरगरत राहिले, विखुरलेला एकेक तुकडा उचलून जागेवर नेत. संध्याकाळपर्यंत बाईंची अकरा वर्षं एका ओळीत लागली, रिकाम्या स्टुलासकट. शाळेचे फोटोही मावले. एवढं काम करणारी डिस्क मेलेली नसते.

पण माझं वय झालंय, फिरताना करकर होते. मालक, या ओळीची एक नक्कल दुसरीकडे काढून ठेवा. भित्रेपणा तेवढ्यापुरता चालेल.

आत्ताच शटर वर गेलं. बसा बाई स्टुलावर. कालच्या फोटोशेजारी जागा ठेवलीय.